पहिल्या घासाबरोबर

लग्नाची पंगत बसलेली असते. पानं वाढून होतात, श्लोक म्हणून होतो. रांगेतला एक पाहुणा भातात बोटं घालण्याआधी सदऱ्याच्या खिशातून छोटीशी डबी काढतो. वरणभाताच्या पहिल्या घासाबरोबर एक कॅप्सूल गिळतो, दुसरी वाटीच्या आडोशाला ठेवतो. तूप वाढणारा आला की त्याचा हात आपसूक पानावर आडवा होतो. शेजारी बसलेले गृहस्थ सहज विचारतात, "पित्ताची का?" तो मान डोलावतो. खरं उत्तर द्यायचं तर पाच मिनिटं लागतील आणि त्यानंतर येणारा प्रश्न त्याला पाठ झालेला आहे: "म्हणजे पूर्वी घ्यायचात का?"

हे दृश्य कुणा एकाचं नाही. स्वादुपिंडाचा जुनाट दाह, डॉक्टरांच्या भाषेत क्रॉनिक पॅन्क्रिएटायटिस, घेऊन जगणाऱ्या हजारो माणसांच्या वाट्याला ते थोड्याफार फरकाने येतं. या आजाराची झुंज इस्पितळात सुरू होते खरी, पण पुढची वीस-तीस वर्षं ती रोज दोन वेळा ताटावर चालते. आणि त्या ताटाबद्दल रुग्णाला, त्याच्या घरच्यांना आणि कधी कधी डॉक्टरांनाही जे ठाऊक असतं, त्यातलं बरंचसं आता जुनं झालेलं आहे.

स्वादुपिंड हा पोटातला अबोल अवयव. जठराच्या मागे आणि पाठीच्या कण्याच्या पुढे तो आडवा पडलेला असतो. लांबी साधारण १५ सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. त्यातून जाणारी मुख्य नळी १६४२ मध्ये इटलीतल्या पादुआ शहरात योहान विर्सुंग यांनी एका फाशी दिलेल्या माणसाच्या देहात पाहिली आणि तांब्याच्या पत्र्यावर तिचं चित्र कोरून ठेवलं. ती कशासाठी आहे, हे त्यांना उमगलं नव्हतं. पुढे १८६९ मध्ये बर्लिनमधल्या पाउल लांगरहान्स या विशीतल्या विद्यार्थ्याला या अवयवात पेशींची वेगळी बेटं दिसली. त्याच बेटांत इन्सुलिन तयार होतं, हे कळायला आणखी अर्धं शतक जावं लागलं.

या शंभर ग्रॅमच्या अवयवाला दोन कामं आहेत. एक म्हणजे रोज दीड लिटरच्या आसपास पाचकरस बनवून आतड्यात सोडायचा. चरबी, प्रथिनं आणि पिष्ट पदार्थ यांचे तुकडे करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, या रसात असतात. दुसरं काम इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन रक्तात सोडून साखर ताळ्यावर ठेवायचं. पाचकरसातली सगळ्यांत धारदार विकरं तयार होताना झोपलेली असतात. आतड्यात पोचल्यावर ती जागी होतात. ती आधीच, स्वादुपिंडातच जागी झाली तर अवयव स्वतःलाच पचवू लागतो. हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये मांडलेली ही कल्पना आजही या आजाराच्या गाभ्याशी आहे.

असा भडका एकाएकी उडाला की तो तीव्र दाह. पित्ताशयातला खडा नळीच्या तोंडाशी अडकणं, अतिमद्यपान, रक्तातल्या ट्रायग्लिसराइड्सनी हजाराचा आकडा ओलांडणं, ही त्याची नेहमीची कारणं. बहुतेक रुग्ण आठवड्याभरात घरी येतात. कारण पित्ताचा खडा असेल आणि झटका सौम्य असेल तर पित्ताशय त्याच मुक्कामात काढून टाकणं चांगलं, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासाने दाखवून दिलं. "महिन्याभराने बघू" म्हणून घरी आलेल्यांपैकी काही जण त्या महिन्यातच पुन्हा पोट धरून इस्पितळात पोचतात. पहिल्या झटक्यानंतर साधारण दहातल्या एकाचा आजार जुनाट होतो. झटके पुन्हा पुन्हा येत राहिले तर हे प्रमाण तिघांत एक इतकं वाढतं.

जुनाट दाहात अवयव हळूहळू घट्ट, तंतुमय होत जातो. नळ्या कुठे आवळतात, कुठे फुगतात आणि त्यांत चुन्याचे खडे धरतात. दुखणं वरच्या पोटात उठतं आणि आरपार पाठीत घुसतं. रुग्ण उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसतो, कारण तसं बसलं की थोडा आराम पडतो. जेवल्यावर कळ वाढते, म्हणून तो जेवण टाळतो. आपल्याकडे पोटात वरच्या बाजूला दुखलं की त्याचं नाव 'पित्त' किंवा 'ॲसिडिटी'. गोळ्या, कोकमाचं सरबत, मोरावळा आणि दुखणं बसण्याची वाट पाहणं, यात कित्येकांची वर्षं जातात. मग कुणीतरी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करायला लावतं आणि पडद्यावर खडे दिसतात.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे. "पूर्वी घ्यायचात का?"

दारू हे या आजाराचं मोठं कारण आहे, यात शंका नाही. पण भारतातलं चित्र त्याहून गुंतागुंतीचं आहे. देशभरातल्या ३२ केंद्रांमधून १,०८६ रुग्णांची माहिती गोळा केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दारूशी जोडता येतील असे रुग्ण सुमारे ३९ टक्के होते. जवळपास ६० टक्के रुग्णांत ठळक कारण सापडलंच नाही. याचा अर्थ, या रोगाचं निदान झालेल्या भारतीयाने आयुष्यात कधी थेंबही घेतला नसण्याची शक्यता मोठी आहे. त्यात शाळकरी मुलं असतात, कॉलेजातल्या मुली असतात. आणि ज्यांनी दारू घेतली, त्यांचंही दुखणं तितकंच खरं असतं. संशयाच्या नजरेने कुणाचीच कळ कमी झालेली नाही.

या 'कारण न सापडलेल्या' आजाराचा भारतातला शोध केरळपासून सुरू होतो. १९५९ मध्ये झाउदेमा या डच डॉक्टरांनी इंडोनेशियातल्या कुपोषित गरिबांत स्वादुपिंडातल्या खड्यांची नोंद केली होती. त्यानंतर केरळमध्ये डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी अशाच रुग्णांची मोठी मालिका जमवली. एक्स-रेमध्ये मणक्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या खड्यांची माळ दिसे. त्यांचं 'पॅन्क्रिएटिक डायबिटीस' हे पुस्तक १९६८ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढलं. गीवर्गीसांनी या रोगाचा जीवनक्रम मांडला तो अंगावर काटा आणणारा होता: लहानपणी पोटदुखी, वयात येताना मधुमेह आणि ऐन उमेदीत मृत्यू. केरळातल्या गरिबांच्या जेवणात टॅपिओकाचे कंद मोठ्या प्रमाणात असत आणि त्यात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात, म्हणून संशय त्या कंदांवर गेला. पण टॅपिओका न खाणाऱ्या भागांतही रुग्ण सापडत राहिले आणि तो संशय मावळला.

असे रुग्ण महाराष्ट्रातही होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची पाचकरस बनवण्याची आणि इन्सुलिन बनवण्याची क्षमता शेजारी शेजारी मांडून पाहिली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसलं ते असं की सगळे रुग्ण एकाच पायरीवर नसतात. कुणाचं पचन कोलमडलेलं असतं पण साखर शाबूत, तर कुणाची दोन्ही कामं ढासळलेली.

मग जनुकांचं दार उघडलं. अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या हा रोग चालत आलेल्या कुटुंबांचा अभ्यास करून डेव्हिड व्हिटकॉम्ब आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ट्रिप्सिन या विकराच्या जनुकातला दोष शोधला. २००० साली ट्रिप्सिनला आवर घालणाऱ्या स्पिंक-१ या जनुकातला दोष समोर आला. पुढच्या काही वर्षांत भारतीय रुग्णांतही तो मोठ्या प्रमाणात आढळला. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या संशोधकांचा त्यात वाटा आहे. मात्र हा दोष असलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात कधीही हा रोग होत नाही. दोषाच्या जोडीला आणखी काहीतरी लागतं. त्या 'आणखी काहीतरी'मधली एक गोष्ट पक्की ठाऊक आहे आणि ती टाळणं माणसाच्या हातात आहे: तंबाखूचा धूर. विडी-सिगारेट दारूशिवायही स्वादुपिंडाला इजा करते, खडे लवकर धरायला लावते आणि आनुवंशिक दाह असलेल्यांत कर्करोग बऱ्याच आधी ओढून आणते. दारूबद्दल दहा वेळा बजावलेल्या कित्येक रुग्णांना विडीबद्दल कुणी एकदाही बोललेलं नसतं.

रोग समजला, आता जगायचं कसं? इथे पुन्हा ताट समोर येतं.

स्वादुपिंडाला विश्रांती द्या, हा वैद्यकाचा जुना उपदेश. तीव्र झटक्यात रुग्णाला दिवसेंदिवस तोंडाने काहीही द्यायचं नाही, अशी कैक दशकांची रीत होती. अभ्यासांनी ती उलटवली. सोसवेल तेव्हा, शक्य तर पहिल्या २४ तासांतच खाणं सुरू करावं, असं अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं. आतडं रिकामं राहिलं की त्याचं अस्तर कमकुवत होतं आणि जंतूंना वाट मिळते.

जुनाट आजारात तीच गोष्ट चरबीच्या बाबतीत घडली. "तेलतूप पूर्ण बंद" हे वाक्य अजूनही कागदावर लिहून मिळतं. घरातली बाई ते शब्दशः पाळते. फोडणी बंद, शेंगदाण्याचं कूट बंद, खोबरं बंद, सायीचं दही बंद. मुलगा मऊ भात आणि पाणीदार वरण खात राहतो आणि सहा महिन्यांत दहा किलो उतरतो. घरच्यांना वाटतं, रोगच असा आहे. रोगाचा वाटा असतोच, पण उपासमारीचाही असतो. पोषणतज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने २०२० मध्ये दिलेला सल्ला अगदी वेगळा आहे: भरपूर प्रथिनं आणि उष्मांक असलेलं जेवण दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं घ्यावं आणि विकरांची औषधं पुरेशी घेऊनही चरबी पचत नसेल तेव्हाच तिच्यावर मर्यादा घालावी. त्याच सल्ल्यात फार चोथ्याचं खाणं टाळायलाही सांगितलं आहे, कारण चोथा विकरांच्या कामात अडथळा आणतो. कोंड्याच्या भाकरीवर आणि कच्च्या कोशिंबिरीवर दिवस काढणाऱ्या रुग्णाला हे ऐकून नवल वाटतं.

पण हे सगळं ज्यावर उभं आहे ती पंगतीतली कॅप्सूल. तिच्यात विकरांचे सूक्ष्म मणी असतात. जठरातल्या आम्लाने विकरं मरतात, म्हणून मण्यांवर आम्लात न विरघळणारा लेप असतो. मात्रा लायपेज या चरबी फोडणाऱ्या विकराच्या युनिटांत मोजतात. मोठ्यांसाठी मुख्य जेवणाला सुरुवातीला ४० ते ५० हजार युनिट, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे. ती जेवणाआधी अर्धा तास घेतली की एकटीच पुढे निघून जाते, जेवणानंतर घेतली की अन्न पुढे गेलेलं असतं. घासाबरोबर, आणि जास्त कॅप्सूल असतील तर निम्म्या सुरुवातीला, निम्म्या मध्यावर: एवढं नीट न सांगितल्यामुळे महागडं औषध वाया जातं आणि "गुण येत नाही" म्हणून बंद होतं. लेप फुटू नये म्हणून ती चावायची नसते. उष्णतेनेही विकरांचा जोर उतरतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ती डबी गाडीत किंवा शेगडीजवळच्या फळीवर ठेवून चालत नाही.

ही विकरं डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेली असतात. शाकाहारी कुटुंबांना आणि मुसलमान रुग्णांना हे सुरुवातीलाच सांगायला हवं. बुरशीपासून बनवलेल्या विकरांचा जोर बराच कमी पडतो. निर्णय रुग्णाचा, पण तो माहितीनिशी झाला पाहिजे. वर्षभर घेतल्यावर पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून ज्याला धक्का बसतो, त्याचा नंतर कुठल्याच औषधावर विश्वास राहत नाही.

कॅप्सूल केव्हा सुरू करायची, हे ठरवण्यात एक लाज आडवी येते. चरबी पचली नाही की ती शौचावाटे बाहेर पडते. शौचाला तेलकट, फिकट, अतिशय दुर्गंधीचं होतं, पाण्यावर तरंगतं, भांड्याला चिकटून राहतं. हे डॉक्टरांना सांगायचं कसं, म्हणून लोक सांगत नाहीत. वेळेच्या घाईत डॉक्टरही विचारत नाहीत. मात्र स्वादुपिंडाची सुमारे ९० टक्के क्षमता जाईपर्यंत हे ठळक लक्षण दिसत नाही. म्हणजे ते दिसेस्तोवर नुकसान खूप पुढे गेलेलं असतं. शौचातलं इलास्टेज हे स्वादुपिंडाचं विकर तपासणारी एक सोपी चाचणी आहे. ते ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर पचनाची शंका घ्यायची, १००च्या खाली गेलं तर ती बळावते.

चरबीबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही निसटतात. त्याची किंमत हाडं मोजतात. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर जुनाट दाहाच्या दर तीन रुग्णांपैकी जवळपास दोघांची हाडं विरळ झालेली आढळली. पोटाचा रुग्ण चाळिशीत जिन्यावरून घसरतो आणि खुबा मोडतो, तेव्हा त्या मोडीचा पोटाशी संबंध जोडणारं कुणी जवळ असेलच असं नाही. म्हणून ड जीवनसत्त्वाची तपासणी आणि दोनेक वर्षांनी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, या गोष्टी या आजाराच्या वहीत हव्यात.

त्याच वहीत साखरेचं पान असतं. स्वादुपिंडाच्या नाशातून येणारा मधुमेह नेहमीच्या मधुमेहासारखा वागत नाही. इन्सुलिन कमी पडतंच, शिवाय साखर घसरली की ती वर ओढणारं ग्लुकॅगॉनही कमी झालेलं असतं. त्यामुळे साखर कधी तीनशेवर, तर कधी पहाटे पन्नासवर. त्यात दुखतंय म्हणून रात्रीचं जेवण सोडलं आणि इन्सुलिन मात्र नेहमीचं घेतलं, तर पहाटे घाम फुटून माणूस भानावर राहत नाही. उशाशी साखर किंवा ग्लुकोजची पुडी आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ही लक्षणं माहीत असणं, हे औषधाइतकंच गरजेचं. विकरांची कॅप्सूल नीट सुरू केली की अन्न अंगी लागू लागतं आणि साखर वाढते. ती वाढ बिघाडाची नसते; इन्सुलिनचा हिशेब नव्याने मांडण्याची ती वेळ असते.

उरते ती वेदना, आणि तिच्यापुढे कुठलंही एक औषध पुरत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये १२७ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सेलेनियम, क आणि ई जीवनसत्त्वं, बीटा कॅरोटीन आणि मेथिओनिन यांचं मिश्रण सहा महिने घेणाऱ्यांचे महिन्यातले दुखरे दिवस सरासरी ७.४ने कमी झाले. खोटी गोळी घेणाऱ्यांचे ३.२ने. तीन वर्षांनी मॅंचेस्टरच्या अभ्यासात मात्र अशाच औषधाचा उपयोग दिसला नाही. दिल्लीचे रुग्ण तिशीतले आणि बरेचसे दारू न पिणारे होते, मॅंचेस्टरचे पन्नाशीतले आणि बहुतांश दारूशी जोडलेले. एकाच नावाखाली दोन वेगळी माणसं उभी होती.

नळीत खडे अडकले असतील तर बाहेरून ध्वनिलहरींच्या माऱ्याने ते फोडून दुर्बिणीने साफ करता येतात. हैदराबादच्या एआयजी रुग्णालयाने या पद्धतीचा जगातल्या मोठ्या अनुभवांपैकी एक जमवलेला आहे. शस्त्रक्रिया हा वर्षानुवर्षं शेवटचा उपाय मानला गेला. नेदरलँड्समधल्या ३० रुग्णालयांतल्या ८८ रुग्णांवरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या समजुतीला हादरा बसला. निवडक रुग्णांत लवकर शस्त्रक्रिया केली तेव्हा दीड वर्षातला वेदनेचा सरासरी गुणांक शंभरात ३७ राहिला. आधी औषधं, मग दुर्बीण, या पायऱ्यांनी गेलेल्यांत ४९. फरक प्रचंड नाही, पण रोज दुखणाऱ्याला बारा गुण म्हणजे काय, हे त्यालाच विचारावं. अगदी टोकाच्या परिस्थितीत अख्खं स्वादुपिंड काढून त्यातली इन्सुलिनची बेटं वेगळी करून रुग्णाच्याच यकृतात सोडतात. १९७७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ते पहिल्यांदा केलं गेलं. अशा रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश जणांना पुढे इन्सुलिन टोचावं लागत नाही.

तीव्र वेदनाशामकांचा एक वेगळा धोका आहे. ट्रामाडॉलसारखी औषधं आधी आधार देतात, मग सवय लावतात, आतडं सुस्त करतात आणि काही जणांत वेदनाच वाढवतात. वर्षानुवर्षं दुखत राहिल्यावर मज्जासंस्थाही वेदना शिकून ठेवते. खडा निघाला तरी कळ उरते. अशा वेळी "आता रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचं आहे" असं ऐकणारा रुग्ण एकटा पडतो. नैराश्य या आजारात वारंवार दिसतं. त्याचा उपचार हा मूळ उपचाराचाच भाग आहे.

घर बदलतं ते अशा सगळ्या गोष्टींनी मिळून. रजा संपतात, स्थळं परत जातात, प्रवासाचं आरक्षण करताना जवळ कुठलं इस्पितळ आहे हे आधी पाहिलं जातं. दिवाळीत फराळाची ताटं येतात आणि आग्रह सुरू होतो: "घे रे, एका चकलीने काय होतंय?" आपल्याकडे माया वाढण्यातून व्यक्त होते आणि नकार मनाला लागतो. म्हणून पथ्य पाळणाऱ्याची खरी कसोटी सणाला लागते. आहारतज्ज्ञाकडे एकट्या रुग्णाने जाण्यापेक्षा घरात रांधणाऱ्यानेही जावं, ते यासाठी. काय बंद, याच्या यादीपेक्षा किती आणि कशाबरोबर, हे तिथे बसून ठरवता येतं.

आणि हे ठरवून जगणारी माणसं आता वय वाढवताहेत. केरळमध्येच पुढच्या दशकांत हा रोग अधिक उशिरा आणि सौम्य रूपात दिसू लागला. गीवर्गीसांनी लिहिलेला तो तीन टप्प्यांचा जीवनक्रम आज अटळ राहिलेला नाही. त्यांच्या काळी ज्या मुलाने तिशी पाहिली नसती, तसे रुग्ण आता पन्नाशीत हाडांच्या तपासणीला रांगेत बसतात, मुलांच्या लग्नाच्या याद्या करतात.

त्या लग्नात पंगत बसते. पान वाढून होतं, डबी उघडते, पहिली कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर जाते. तुपाची वाटी घेऊन वाढणारी मुलगी पानासमोर थांबते, आडवा येणारा हात सवयीने हलतो आणि मग मागे जातो. "चमचाभर वाढ," तो म्हणतो.